हुकमाची तामिली

ज्या सायकलींच्या मागच्या चाकाला दात्यांच्या थप्प्या उघड्यावर लावलेल्या असतात आणि ज्यांची साखळी एका थप्पीवरून दुसरीवर उड्या मारीत जाते, त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. परंतु सारी यंत्रणा पोटात ठेवून बाहेरून केवळ किंचित स्थूल दिसणारा हब ज्या सायकलीला लाभला आहे, तिच्यावर आरूढ होणाऱ्या मनुष्याच्या मुद्रेवर जे एक खानदानी गांभीर्य आपोआप येते, ते मला अधिक मानवते. माझ्या सायकलीचा हब या दुसऱ्या वर्गातला, विलायती बनावटीचा आहे. त्यावर ५३ हा आकडा कोरलेला असून तो १९५३ या सालाचा निदर्शक आहे, हे मी आजवर कोणी विचारण्याची वाट न पाहता सांगत आलो आहे. ज्या पुण्यात सायकलींचा आणि मतांचा कधीच तुटवडा नव्हता, त्या पुण्यात तीन गिअरची सायकल बाळगणे ही एक लहानशी जहागीरच होती.

यंदाच्या पावसाळ्यानंतर या जहागिरीत बंडाळी माजली. गणेशखिंडीच्या चढावर पहिला गिअर मागावा, तर हँडलवरचा खटका बोटांना दाद देईना. दोन्ही हातांच्या संयुक्त प्रयत्नाने हुकूम सोडावा, तर त्याची तामिली होईपर्यंत चढ संपून उतार लागलेला असे, आणि मग त्या उतारावर मी सर्कशीतल्या विदूषकाप्रमाणे रिकामे पाय गरगर फिरवीत, ओळखीच्या माणसांचे नमस्कार शक्य तितक्या प्रतिष्ठेने स्वीकारीत खाली येई.

माझी सारी हयात एका सरकारी कचेरीच्या दफ्तरात गेली असल्यामुळे रीतसर चौकशीवाचून कोणत्याही गोष्टीला हात लावणे मला ठाऊक नाही. सायकल अंगणात उलटी करून मी प्रथम हबाची कैफियत मांडली. त्याच्या मध्यभागी वीस दात्यांचे एक अचल सूर्यचक्र असते, त्याभोवती वीस-वीस दात्यांची चार ग्रहचक्रे फिरतात आणि या सर्वांना साठ दात्यांचे एक कडे वेढून असते. या कुटुंबातल्या कोणी कोणाला फिरवायचे एवढाच निर्णय बदलला, की साखळीच्या चक्राच्या एका फेऱ्यात मागचे चाक कधी पाऊण, कधी एक, तर कधी एक आणि एक तृतीयांश फेरा घेते. हे ग्रहमालेचे निरूपण शेजारच्या काकांनी कठड्यावर हात टेकून शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, “मग जड का जातोय?”

प्रश्न अप्रस्तुत होता. कारण मला अद्याप इतिहासाकडे वळावयाचे होते. या हबाचा उगम इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरी विसाव्या शतकाच्या प्रारंभी झाला आणि त्याला स्टर्मी व आर्चर या दोघांचे नाव मिळाले. पैकी हेन्री स्टर्मी हा आरंभी शिक्षक, पुढे संपादक. सायकलस्वारांसाठी पुस्तके लिहावी, नियतकालिके चालवावी, १८९५ साली मोटारींवरचे एक साप्ताहिकही काढावे, असा लेखणीचा मनुष्य. लेखणीच्या मनुष्याचे नाव चाकाच्या मध्यावर कोरले जावे, या विचाराने माझी छाती कित्येक वर्षे विनाकारण फुगत आलेली आहे. परंतु पुढे अभ्यासकांनी जे दाखवून दिले, त्याने त्या छातीतली हवा काढून घेतली. ज्या रचनेवर हा हब प्रामुख्याने उभा राहिला, ती विल्यम रायली नावाच्या तिसऱ्याच मनुष्याची होती. रायलीने त्यापूर्वी दोन गतींचा हब बनवून तो करणाऱ्या कारखान्याशी करार केला होता, आणि त्या करारान्वये त्याच्या डोक्यातून पुढे जे काही निघेल त्यावरही त्यांचाच हक्क पोहोचत होता; म्हणून १९०२ साली तीन गतींच्या रचनेचे पेटंट जेम्स आर्चर या सहकाऱ्याच्या नावे घेण्यात आले. पाटी दोघांची लागली. रायली मात्र हबाच्या पोटातच राहिला.

रायलीपाशी मी नेहमीच वाजवीपेक्षा अधिक वेळ थांबतो, आणि त्याचे कारण सायकलीत नाही. दुष्काळाच्या एका सालचा अहवाल मी रात्री जागून, गावोगावचे तक्ते ताडून लिहिला होता. तो वर गेला, वाखाणला गेला आणि ज्यांची त्याखाली सही होती त्या साहेबांना बढती मिळाली. मला त्याच आठवड्यात कार्बनचे कागद जपून वापरण्याविषयी समज देण्यात आली. ते साहेब वाईट नव्हते. त्यांना खरोखरच तो अहवाल आपला वाटत असे. या निरागसतेवर रागावताही येत नाही, आणि न आलेला राग माणसाच्या अंगात फार वर्षे राहतो.

“अहो,” आतून आवाज आला, “ते चाक आहे, तुमचं दफ्तर नव्हे. दुकानात न्या.”

दुकानातल्या पोराने माझी चौकशी ऐकून घेण्याचे सौजन्य दाखवले नाही. हबातून बाहेर येणारी बारीक साखळी त्याने वायरपासून सोडवली आणि दोन बोटांनी ओढून सोडून दिली. ती अलगद बाहेर आली आणि स्प्रिंगच्या जोराने तत्काळ आत गेली. “हब एकदम ओके, काका. वायर गंजलीय.” वर खटका निर्दोष, खाली हब निर्दोष, हुकूम अडत होता तो मधल्या मार्गात! ज्याने सारा जन्म कचेरीत काढला त्याला हे पहिल्या दिवशीच सुचावयास हवे होते, असे शेजारचे काका नंतर म्हणाले. ते पोस्टात होते.

पोराने नवी वायर घातली, सांगाड्यावरची अडकलेली कप्पी मोकळी केली आणि दुसऱ्या गिअरमध्ये आतल्या दांडीचे टोक आसाच्या टोकाशी नेमके समपातळीत आणले. हा बंदोबस्त चुकल्यास दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या दरम्यान पायडल एकाएकी मोकळे सुटते, आणि जुन्या जागेवरून मुक्त झालेल्या पण नव्या जागी रुजू न झालेल्या कारकुनासारखी स्वाराची त्रिशंकू अवस्था होते.

पावतीवर मालकांनी सही केली. त्या क्षणी माझ्या अंगातला रायली जागा झाला आणि काम या मुलाने केले असल्यामुळे पावतीवर सहीही याचीच पाहिजे, असा आग्रह मी धरला. मालक पाहतच राहिले. पोरगा हात पुशीत म्हणाला, “नको काका. सही केली, की उद्या परत जड झाला तर तुम्ही मलाच धरणार.”

सहीची ही बाजू इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती. मसुद्यातल्या चुकांचे खापरही साहेबांच्याच सहीवर फुटत असणार, हे मला घरी येईपर्यंत पटले. अर्थात माझ्या मसुद्यांत चुका नसत, त्यामुळे ते उदाहरण मला लागू पडत नाही.