मीठ बाहेर, साखर आत

न्यू जर्सीच्या पार्सिपनीतल्या मराठी घरात कुल्फी दहा मिनिटांत होते, आणि तीच तिची अडचण आहे. १४ औंस कन्डेन्स्ड मिल्क, १२ औंस इव्हॅपोरेटेड मिल्क, ८ औंस कूल व्हिप. वेलची, केशर, मिक्सर, फ्रीझर, संपलं. कष्टच नाहीत म्हटल्यावर कौतुक कशाचं करून घ्यायचं? म्हणून "वहिनी, दूध किती वेळ आटवलंत?" असं कुणी विचारलं की वहिनी नुसत्या हसतात. विचारणाऱ्याच्या रिसायकलिंगच्या पिंपातही तेच तीन डबे पडलेले असतात, त्यामुळे चौकशी पुढे जात नाही.

योग मात्र जुना आहे. १९६५च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेचं दार उघडलं आणि १९६६ साली जनरल फूड्सने कूल व्हिप बाजारात आणलं. गावाकडे ज्यांची आई दुपारभर कढईपाशी उभी राहायची, त्यांची सोय विल्यम मिचेल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने परस्पर करून ठेवली. कुल्फी लागतेही चांगली, उगाच नावं ठेवू नयेत. डब्यातल्या दुधातलं पाणी कारखान्यातच आटवलेलं असतं, आणि पाणी कमी म्हणजे जिभेला लागणारे बर्फाचे कणही कमी. आई तरी दुसरं काय करत होती?

मग मे महिन्यात भारतातून आजोबा येतात.

आजोबांच्या मते आईस्क्रीम म्हणजे पॉटचं. बाहेर लाकडी बादली, आत पत्र्याचा डबा, मध्ये बर्फ आणि खडेमीठ, आणि दांडा फिरवायला आळीतली सगळी पोरं. हे यंत्र अस्सल पुण्याचं, अशी त्यांची समजूत. दांड्याच्या पॉटचं पेटंट १८४३ साली नॅन्सी जॉन्सन या बाईंनी घेतलं, आणि तेही इथून दोनेक तासांवरच्या फिलाडेल्फियात, हे नातू फोनवर शोधून दाखवतो. "घेतलं असेल," आजोबा म्हणतात, "पण फिरवला आम्ही." मोटरवाला पॉट साफ नामंजूर होतो. दांड्याचा येतो.

खडेमीठ शोधायला दुकानात जावं लागत नाही. न्यू जर्सीतल्या बहुतेक गॅरेजांत हिवाळ्यातली उरलेली मिठाची पिशवी असतेच. तिच्यावर सोडियम क्लोराइड लिहिलंय ना, एवढं बघावं. कॅल्शियम क्लोराइड पाण्यात विरघळताना चक्क गरम होतं. पिशवी बघून नातवाला रास्त शंका येते. "आजोबा, ड्राइव्हवेवर आपण बर्फ वितळायला मीठ टाकतो. मग आईस्क्रीम गोठणार कसं?"

वितळतो म्हणूनच गोठतं. बर्फाला वितळायला उष्णता लागते आणि ती तो शेजारच्या दुधातून ओढून घेतो. मीठ भरपूर असेल तर हे खारट पाणी उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ला थांबतो. या तीन अंशांची बातमी जवळच्या लेक हायवाथात फिरायला येणाऱ्या प्रत्येक आजोबांपर्यंत दोन दिवसांत पोचते. दांडा फिरवणं मात्र पाच मिनिटांत जावयाकडे येतं, कारण आजोबांचा खांदा. सतत ढवळल्याने बर्फाचे कण बारीक राहतात, म्हणून थांबायचीही सोय नाही. या सगळ्यात आजोबांची आज्ञा एकच: मीठ बाहेर! झाकणातून थेंबभर खारं पाणी आत गेलं तर खैर नाही.

वरून काय घालायचं यावर मग घर फुटतं. नातवंडांना ओरिओचा चुरा हवा, आजींना गुलकंद. कुणाला मस्तानी आठवते आणि तिच्यासाठी टुटीफ्रुटी शोधली जाते, म्हणजे पाकात मुरवलेली, रंगवलेली कच्ची पपई. शेंगदाण्याच्या चिक्कीचा भरड चुरा या सगळ्यांहून सरस लागतो, पण तो फुकटात होत असल्याने त्याला मत पडत नाही. शेवटी फालुद्यावर एकमत होतं आणि दांड्यातून सुटका म्हणून जावई रूट ४६वरच्या वाणसामानाच्या दुकानात शेव आणायला पळतो.

तो नायलॉन शेव आणतो. भेळेची.

सासूबाई कपाळाला हात लावतात. तेवढ्यात धाकटी नात पुडा फोडून मूठभर शेव आईस्क्रीमवर पसरते, खाते आणि सगळ्यांना सांगते की हे सॉल्टेड कॅरमेलसारखंच आहे. अमेरिकेत त्या चवीला लोक जास्तीचे पैसे मोजतात, अशी पुस्ती जावई घाईघाईने जोडतो. आजोबा एक चमचा खातात, तत्त्वाला धरून नाक मुरडतात आणि वाटी शेवेच्या पुड्याकडे सरकवतात.