भूमिपुत्राची तारीख

परगावाहून आलेला माणूस मुंबईकर कधी होतो? जन्माने, भाषेने, घामाने ही उत्तरे भाषणातली. सरकारदरबारी तो तारखेने होतो. झोपडीधारकांसाठी ती तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग २००० झाली, पुढे पैसे मोजणाऱ्यांसाठी २०११ पर्यंत सरकली. ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातल्या भिंतीला चाके आहेत, आणि वंगण निवडणुकीचे.

यावर आक्षेप ठरलेला: अस्मिता मातीतून उगवते, संस्था मागून येतात. बरे, पण लालबाग-परळच्या मातीत उगवलेले होते किती? गिरण्यांत भरणा रत्नागिरी-साताऱ्याकडचा, म्हणजे तेही परगावचेच. १९२८ च्या संपात लाल बावट्याखाली कोकणी आणि उत्तर भारतीय कामगार महिनोन् महिने एकत्र उपाशी राहिले. तेव्हा परका म्हणजे मालक. १९६६ नंतर शिवसेनेच्या शाखा उघडल्या आणि परका झाला दाक्षिणात्य कारकून, पुढे उत्तर भारतीय टॅक्सीवाला. भाषा तीच, चाळ तीच. बदलला तो फक्त नाक्यावरचा फलक. नोकऱ्यांची तक्रार खोटी होती का? मुळीच नाही. पण भूक पोटाला लागते. तिचा आरोपी कोण, हे कार्यालयात ठरते. (मालक त्या यादीतून कधी गळला, हे विचारायचे नसते.) १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले. घराच्या प्रतीक्षेतल्या हजारो गिरणी कामगारांना, म्हणजे अस्सल भूमिपुत्रांना, सरकारने जागा दाखवली ती कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीला.