सर, आज किती टाकताय?

कर्ज बुडवणाऱ्याला फोन येत नाहीत. त्याचा नंबर बंद असतो, पत्ता जुना असतो आणि जामीनदार गावाला गेलेला असतो. फोन येतात ते फेडणाऱ्याला. वसुलीचा हिशोब साधा आहे: जो उचलतो, त्याला लावायचा.

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी गेल्या वर्षी कर्ज फेडायचं ठरवलं, तेव्हापासून त्यांच्याकडे फोनची नुसती चंगळ आहे. दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन आणि मुलीच्या ॲडमिशनच्या घाईत ॲपवरून उचललेली एक रक्कम. पगार एक, घेणेकरी चार. एका रविवारी त्यांनी दोनशे पानी वही काढली, किराणा-वीज-फी असा घरखर्च मांडला, उरलेल्या रकमेचे चार वाटे केले (ज्याचं येणं जास्त त्याला वाटा जास्त) आणि चौघांनाही पत्रं धाडली. पूर्ण हप्ता जमत नाही, पण दर महिन्याच्या पाच तारखेला एवढी रक्कम न चुकता भरीन; दंड थांबवा, व्याजाचं बघा. सोबत पगाराची स्लिप आणि नवा मोबाइल नंबर.

एका ठिकाणाहून लगेच उत्तर आलं: आपला ईमेल मिळाला, कृपया या ईमेलला उत्तर देऊ नये. दोन ठिकाणी शुकशुकाट. चौथ्या ठिकाणी दोन-तीन पत्रांनंतर एकदाचं ‘रिस्ट्रक्चरिंग’ मंजूर झालं, मुदत वाढली, हप्ता उतरला. गृहस्थांनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच बँकेचा फोन.

‘‘सर, मी बँकेतून राहुल बोलतोय.’’ (ते बँकेतून नसतात आणि बहुधा राहुलही नसतात.) ‘‘तुमचं पेमेंट ओव्हरड्यू दाखवतंय.’’

‘‘अहो, पाच तारखेला साडेचार हजार भरलेत. तुमच्याच बँकेशी ठरलंय.’’

‘‘सर, सिस्टममध्ये दिसत नाही.’’

‘‘पैसे दिसत नाहीत?’’

‘‘पैसे दिसतायत सर. ठरलेलं दिसत नाही. आज किती टाकताय?’’

या सिस्टमची गंमत अशी, की तिला थकलेला हप्ता रात्रीत कळतो आणि मंजूर झालेलं पत्र तीन महिने कळत नाही. वसुलीवाल्यांच्या बोलीत थकलेल्या खात्यांच्या ‘बकेट’ असतात: तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस. बकेट बदलली की एजन्सी बदलते, एजन्सी बदलली की राहुल बदलतो आणि नव्या राहुलला मुलीच्या ॲडमिशनपासून सगळं रामायण पुन्हा ऐकवावं लागतं. तो शांतपणे ऐकून घेतो. शेवटी विचारतो, ‘‘ते ठीक आहे सर, पण आज किती टाकताय?’’

घेणेकऱ्यांनी पिडलेल्या मराठी माणसांची परंपरा मोठी आहे, एवढंच काय ते समाधान. थोरल्या बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या एका पत्रात, सावकार-शिलेदारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी गेली, अशा आशयाचं गाऱ्हाणं आहे. इतिहासकार ग्रँट डफनं ते आपल्या मराठ्यांच्या इतिहासात घेतलंय. हे स्वामी स्वतः पेशव्यांना कर्ज देत असत, त्यामुळे गाऱ्हाणंही घेणेकऱ्याकडेच गेलं. आज याला ‘हार्डशिप लेटर’ म्हणतात आणि त्यासोबत सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडावं लागतं.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या एल्फिन्स्टनसाहेबानं १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. आपल्याकडे तगाद्याचे कायकाय प्रकार चालत, ते त्यात नोंदले आहेत: दारात धरणं धरून बसणं, ऋणकोला जेवू न देणं, डोक्यावर धोंडा ठेवून भर उन्हात एका पायावर उभं करणं. पण धरणं धरणारा सावकार स्वतःही उपाशी बसे, हे विसरू नये. राहुल जेवून फोन करतो.

आता असले रानटी प्रकार राहिलेले नाहीत. आता रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. १२ ऑगस्ट २०२२ च्या या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ-धमकी करायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसायचं नाही. शिवाय वसुली एजंटानं शंभर तासांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास व्हायची असते. पदवीधराला पन्नास तासांत सुटका. या तासांमध्ये काय शिकवतात याचं आम्हाला कुतूहल आहे. ‘सर’ हा शब्द नक्की शिकवत असावेत. ‘‘सर, लाज वाटत नाही का?’’ हे वाक्य आम्ही स्वतः स्पीकरवर ऐकलंय, आणि त्यातल्या ‘सर’ला नाव ठेवायला जागा नव्हती.

सकाळच्या वेळेचं बंधन मात्र काटेकोर पाळतात. सकाळचा पहिला फोन बरोबर आठ वाजून एक मिनिटानं येतो.

आता ज्या रकमेसाठी हे सगळं चाललंय तिच्याकडे वळू. कार्डावर एक लाख थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे असं धरा. बाजारात असाच दर चालतो. महिन्याचं व्याज साडेतीन हजार. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सहाशे तीस. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून पाच हजार छापलेले असतात. माणूस ते भरतो आणि हप्ता फेडल्याच्या समाधानात झोपतो. मुद्दलातून गेले आठशे सत्तर. उरलेले चार हजार एकशे तीस बँक आणि सरकार यांनी वाटून घेतले. या चालीनं कर्ज फेडायला बसलात, तर शेवटचे काही हप्ते नातवाच्या नावावर लावून ठेवा.

वर्षाचे हे झाले बेचाळीस टक्के. गावातला सावकार परवानाधारक असेल, तर बिगरशेती विनातारण कर्जावर त्यानं वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर जायचं नाही, असा दर राज्य सरकारनं २०१४ च्या सावकारी कायद्याखाली ठरवून दिला. मुद्दलापेक्षा जास्त व्याज त्याला वसूल करता येत नाही. आपला जुना दामदुपटीचा नियम त्या कायद्यानं जपलाय. बँकेला यातलं काही लागू नाही, कारण बँक म्हणजे सावकार नव्हे. कार्डावर तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. सिनेमातल्या सावकाराला उगाच बदनाम केलं. बिचारा अठरा टक्क्यांवर अडकलाय.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत घुसून कर्जखतं बाहेर काढली आणि जाळली. लोण पसरलं, पुढे १८७९ मध्ये इंग्रजांना दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. आज ती सोय नाही. कर्जखतं सर्व्हरवर असतात आणि सर्व्हर कुठे असतो हे राहुललाही ठाऊक नाही.

पण कर्ज सन्मानानं कसं मिटवावं याचे आदर्श आपल्यासमोर आहेतच. व्हिडिओकॉन समूहाचं प्रकरण आठवा. सुमारे एकाहत्तर हजार कोटींचे दावे होते. २,९६२ कोटी देऊन कंपन्या ताब्यात घेण्याचा आराखडा घेणेकऱ्यांच्या समितीनं मान्य केला. रुपयामागे चार पैसे आणि वर थोडी चिल्लर. बँकांच्या भाषेत बुडालेल्या रकमेला ‘हेअरकट’ म्हणतात. जून २०२१ मध्ये मुंबईच्या कंपनी विधी न्यायाधिकरणानं आराखड्याला मंजुरी देता देताच विचारलं, की ही केशकर्तनाची गोष्ट आहे की मुंडणाची? पुढे अपिलात तो रद्द झाला, तो भाग वेगळा. आमच्या गृहस्थांनी राहुलला ‘‘रुपयामागे चार पैसे देतो, तुमच्या समितीत ठराव टाका’’ असं सांगून पाहिलं. राहुल पहिल्यांदाच मनापासून हसला. मग म्हणाला, ‘‘सर, आज पाचशे तरी टाका.’’

कंपनी दिवाळखोरीच्या कायद्यात शिरली, की तिला पहिलं मिळतं ते संरक्षण. अर्ज दाखल करून घेतला की स्थगिती लागू. वसुली बंद, दावे बंद, जप्ती बंद. ठरावीक दिवसांत सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसायचं आणि सभ्यपणे बोलायचं. दोनशे पानी वहीतून आमच्या गृहस्थांना हेच तर हवं होतं! त्यांचं टेबलही छोटं आहे, चहा ते स्वतः करतात.

लोकसभेत मार्च २०२५ मध्ये सरकारनं सांगितलं, की बँकांनी दहा आर्थिक वर्षांत १६.३५ लाख कोटी रुपयांची कर्जं ‘राइट-ऑफ’ केली. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, हेही सरकार दरवेळी बजावतं. ते शंभर टक्के खरं आहे. ज्याचं लाखभराचं कार्ड राइट-ऑफ झालंय त्याला विचारा, वसुली कशी चालू राहते ते.

अशा वेळी फेसबुकवर एक देवदूत भेटतो. ‘कर्जमुक्त व्हा, फोनपासून सुटका, निम्म्यात सेटलमेंट.’ पद्धत अशी: बँकेचे हप्ते बंद करा, तेच पैसे दर महिन्याला आमच्याकडे जमा करा, आमची फी कापून घेऊ, कर्ज पुरेसं सडलं की बँकेशी बोलू. कर्ज सडतं. सिबिलचा स्कोअरही सडतो. फी मात्र ताजी राहते. वर शेवटी बँकेशी तडजोड झालीच, तर क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढची कित्येक वर्षं कर्ज मागायला गेलात की समोरचा अधिकारी तो शेरा वाचून तुमच्याकडे सुतकातल्या माणसासारखा बघतो. पूर्ण फेडलं तर शेरा ‘क्लोज्ड’. बँकेशी स्वतः बोलायला पैसे पडत नाहीत; फक्त संयम पडतो, आणि तो आमच्या गृहस्थांकडे आता घाऊक आहे.

त्यांची वही मी पाहिलीय. पहिली पानं घरखर्चाची, मागून उलटी सुरू होणारी पानं फोनची. तारीख, वेळ, नंबर, नाव (बहुतेक राहुल, अधूनमधून नेहा), काय बोलले. सातनंतरचे फोन लाल शाईत. एका पानावर मेहुण्याच्या ऑफिसात केलेला फोन दोनदा अधोरेखित केलाय. ही वही राहुलला घाबरत नाही, राहुल वहीला घाबरतो. ‘‘तुमचं पूर्ण नाव, एजन्सीचं नाव आणि बँकेनं दिलेलं अधिकारपत्र व्हॉट्सॲप करा, मग बोलू,’’ असं गृहस्थ हल्ली फोन उचलताच सांगतात. निम्मे राहुल तिथेच रेंजबाहेर जातात.

‘‘पोलीस घेऊन येतो’’ या वाक्यासाठी वेगळं पान आहे. हप्ता थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. दिलेला चेक किंवा ऑटो-डेबिट खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेला, तर मात्र फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून खात्यात पैसे नसतील तेव्हा चेक देऊन वेळ मारून नेऊ नका. राहुल आग्रह करील. त्याचं टार्गेट महिनाअखेरीला असतं, तुमचा पगार एक तारखेला.

तर, वाचकहो, तुमच्याही घरी अशी एखादी वही असेल तर एवढं करा. जे ठरेल ते लेखी घ्या. एजंटाच्या हातात रोकड देऊ नका, पैसे थेट कर्जखात्यात भरा आणि पावती ठेवा. जास्त व्याजाचं देणं आधी संपवा. शेवटचा हप्ता झाला की ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र पदरात पडेपर्यंत बँकेची पाठ सोडू नका. तगादा आपल्यालाही लावता येतो. छळ झाला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. चौकशीचा नंबर १४४४८.

कंपन्यांना मिळते तशी स्थगिती आपल्यालाही मिळेल का, असं गृहस्थांनी मला विचारलं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये मे २०२१ पासून सामान्य ऋणकोला साठ दिवसांची उसंत मिळते; त्या काळात बहुतेक देण्यांवर तगादा बंद, व्याज-दंड बंद. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत साध्या माणसासाठी एक अख्खा भाग लिहून तयार आहे. कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी तो डिसेंबर २०१९ मध्ये लागूही झाला. पगारदार, कार्डवाल्या, हप्तेवाल्या माणसासाठी हे लिहीपर्यंत झालेला नाही. तोवर मुंबईत राहणाऱ्यानं १९०९ चा कायदा उघडायचा आणि उरलेल्या महाराष्ट्रानं १९२० चा. दोन्ही इंग्रजांनी केलेले; स्वतःच्या देशात त्यांनी असले कायदे केव्हाच मोडीत काढले.