नातीचा खुराक

मिसिसागा, कॅनडा
आषाढी एकादशी

ती. आई आणि आबांना,


पार्सल पोचलं. नाचणीचं सत्त्व, खसखस, बदाम, ‘आठ दिवसांत अंग धरते’ असं डब्यावर छापलेलं एक चूर्ण, आणि सगळ्यांच्या तळाशी आबांची तालमीतली दगडी कुंडी. ही कुंडी बॅगेत मावावी म्हणून ज्या पोरानं स्वतःच्या आईचं लोणचं मागं ठेवलं, तो आमच्याकडे जेवायला आला होता. दोन वेळा वाढून घेऊनही त्याचा चेहरा काही खुलला नाही.

पत्र लिहायचं कारण असं, की व्हिडिओ कॉलवर आबा पहिल्या मिनिटाला ‘पोरगी वाळली रे’ म्हणतात, दुसऱ्या मिनिटाला आईचा पदर डोळ्याला लागतो आणि तिसऱ्या मिनिटाला जुई आयपॅड टाकून पसार होते. मुद्द्याचं तसंच राहतं. कागदावर निदान मला कुणी मधे तोडणार नाही.

आई, तू दर वेळी विचारतेस, एवढं खाते तर जातं कुठं? सरळ सांगायचं तर बाहेर जातं. जुईच्या या आजारात, सिस्टिक फायब्रोसिसमध्ये, अंगातले स्राव घट्ट आणि चिकट होतात. फुप्फुसात कफ धरतो हे तुम्ही पाहिलंच आहे. तसंच स्वादुपिंडाच्या नळ्याही तुंबतात आणि अन्न पचवणारा रस आतड्यापर्यंत पोचत नाही. हा आजार असलेल्या दहांतल्या साधारण नऊ जणांचं असंच असतं. तूप खाल्लं तर तूप अंगी न लागता तसंच निघून जातं. वर खोकायला, जंतूंशी झुंजायला जास्तीची ताकद लागते ती वेगळीच. म्हणून या मुलांना बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त कॅलरी लागतात, काहींना तर दुपटीपर्यंत.

आणि हे कुणाकडून आलं, हा वाद आता आत्यानंही मिटवावा. आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आला तरच हा आजार होतो. म्हणजे आपलं कोल्हापूर आणि तुमच्या सुनेचं, मानसीचं पुणे यांचं आयुष्यात एका गोष्टीवर एकमत झालं, ते नेमकं इथं. लग्नाच्या वेळी गुरुजींनी नाडी पाहिली, गण पाहिला. सातवं गुणसूत्र पाहायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो जनुक १९८९ साली सापडला, आणि ज्यांनी शोधला त्यांतले दोघे, लॅप-ची त्सुई आणि जॉन रिऑर्डन, इथलेच, आमच्या शेजारच्या टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलातले.

त्याच टोरांटोची आणखी एक गोष्ट आबांना आवडेल. पूर्वी जगभरचे डॉक्टर या मुलांना स्निग्ध पदार्थ बंद करायचे. पचत नाही ना, मग कशाला द्या! १९७०च्या दशकात इथले डॉ. डग्लस क्रोझियर म्हणाले, लोणी द्या, पूर्ण साईचं दूध द्या, आणि ते पचावं म्हणून एन्झाइमही भरपूर द्या. मग १९८८ साली टोरांटो आणि बोस्टन इथल्या रुग्णांची तुलना छापून आली. फुप्फुसं दोन्हीकडे सारखीच. पण टोरांटोची मुलं उंच आणि वजनदार. टोरांटोतलं मध्यम आयुर्मान ३० वर्षं, बोस्टनमध्ये २१. त्यानंतर सगळीकडेच लोणी परत आलं. तालमीतले वस्ताद हेच सांगत आले, असं आबा म्हणतील. म्हणू द्या. फक्त वस्तादांच्या पोरांचं स्वादुपिंड धडधाकट होतं.

आता एन्झाइम. जुई प्रत्येक जेवणाआधी आणि दुधाच्या प्रत्येक पेल्याआधी कॅप्सूल घेते. ती कशाची असते हे आईनं मागं विचारलं तेव्हा मी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं होतं. आता मीही लिहून टाकतो: डुकराच्या स्वादुपिंडापासून. तुझ्यासारख्या माळकरी बाईला हे सांगायला मला धीर होत नव्हता, म्हणून मानसीनं फोनवर सांगितलं. तू म्हणे थोडा वेळ गप्प बसलीस आणि म्हणालीस, “वराह अवतार कुणाचा? विठ्ठलाचाच ना? मग घेऊ दे.” आई, इथल्या मोठमोठ्या डॉक्टरांना जे पटवायला पत्रकं छापावी लागतात, ते तू एका वाक्यात उरकलंस.

या कॅप्सूलचे नखरे असे: आतले दाणे चघळायचे नाहीत, कुटायचे नाहीत (आबा, खलबत्त्याकडे बघू नका), दुधात ढवळायचे नाहीत. कॅप्सूल गिळता येत नव्हती तेव्हा दाणे सफरचंदाच्या गरातून द्यायचो. शिवाय त्यांचा अंमल जेमतेम तासाभराचा. जुईबाई मात्र पेला समोर ठेवून अख्खं कार्टून बघतात. शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत कॅप्सूलची ड्यूटी संपून ती घरी गेलेली असते. त्यामुळे आमच्याकडे पेल्याबरोबर घड्याळही टेबलावर येतं.

पेय म्हणून काय काय करून पाहिलं, तो अहवाल आता ऐका.

आहारतज्ज्ञ बाईंनी आधी दुकानातले तयार डबे सुचवले. मुलांच्या डब्यात २३५ मिलीमागे २४० च्या आसपास कॅलरी, ‘प्लस’ म्हणून मिळतो त्यात ३५० च्या आसपास. व्हॅनिला, चॉकलेट, स्ट्रॉबेरी अशा चवी. जुईनं तिन्ही चाखल्या आणि “बाबा, याला चमच्याची चव आहे” असा निकाल दिला. फ्रिजमध्ये गार करून, झाकणाच्या पेल्यातून नळीनं दिलं तर चमचा कमी लागतो. दवाखान्यात जाताना, प्रवासात हे डबे उपयोगी पडतात. पण रोज उठून तेच म्हटलं, की ती माझ्याकडे मारक्या म्हशीसारखी बघते.

म्हशीवरून आठवलं. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधाला सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. इथलं पूर्ण दूध म्हणजे सव्वातीन टक्के. ऑन्टारिओत दूध पिशवीत मिळतं, एका मोठ्या पिशवीत तीन छोट्या मिळून चार लिटर, हे ऐकून आबांना आपल्या गावासारखं वाटलं होतं. पण पिशवीच तेवढी आपल्यासारखी. अडीचशे मिलीच्या पेल्यात जेमतेम दीडशे-एकशेसाठ कॅलरी. मग त्यात ३५ टक्क्यांची क्रीम दोन मोठे चमचे, म्हणजे शंभर वाढल्या. दोन चमचे दुधाची पावडर, पन्नास. दोन चमचे बदामाची पूड, ऐंशीच्या आसपास. साखर, केशर, जायफळ. दीडशेचा पेला चारशेच्या घरात गेला आणि पेल्याचा आकार होता तेवढाच राहिला. खरी युक्ती एवढीच: पोट लहान, म्हणून घोट वाढवायचे नाहीत, घोटातला ऐवज वाढवायचा. आमच्याकडे सध्या रोज कोजागिरी असते, चंद्र असो वा नसो.

आबांनी सांगितलं म्हणून दुधात तूपही घालून पाहिलं. मोठा चमचा तूप म्हणजे १२० कॅलरी, कागदावर फार छान. पण क्रीम दुधात मिसळते आणि तूप वर येऊन बसतं. कोल्हापूरकराला तवंग दिसला की भूक लागते, जुईला दुधावर तवंग दिसला की पळ सुटतो. तूप आता भातावर आणि शिऱ्यातच जातं.

नाचणीच्या सत्त्वाचं, आई, तुला थोडं वाईट वाटेल. पाण्यातली आंबील पोट भरते, पण कॅलरी फार देत नाही आणि मग जेवण जात नाही. तेच दुधात शिजवून वर क्रीम घातली की चालतं. ताकाचंही तसंच. लोणी काढून घेतल्यावर ताकात उरतं काय? म्हणून आमच्याकडे उलटा कारभार: घट्ट दह्यात श्रीखंड घुसळून पियूष. मानसीनं माहेरची मस्तानी आणली, हापूसच्या डब्यातला रस, दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा, आणि ती पहिल्याच दिवशी पास झाली. पुण्याला एवढा मान द्यायची माझी इच्छा नव्हती, पण वजनकाटा पक्षपात करत नाही.

कोल्हापूरनंही अब्रू राखली. पांढरा रस्सा हे पेयच आहे, हे मी आहारतज्ज्ञ बाईंना पटवून दिलं. नारळाचं दूध, काजू, खसखस, मटणाचं सूप, बाईंनी जिन्नस लिहून घेतले आणि विचारलं, “मीठ असतं ना?” या मुलांच्या घामातून मीठ फार जातं, उन्हाळ्यात तर जास्तच. सगळ्या जगाला मीठ कमी करा म्हणणारे डॉक्टर आमच्या घरी चिमूटभर जास्त घाला म्हणतात. म्हणून सध्याच्या उन्हात रस्सा आणि सोलकढी आलटून पालटून. दोन्हींत स्निग्धही आहे आणि मीठही. नुसत्या गोडावर भर दिला असता तर दातांचं नुकसान, आणि या आजारात पुढं मधुमेहाचीही भीती असते. शिवाय हिशेब साधा आहे, एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी आणि एक ग्रॅम तुपात ९.

शाळेत मात्र बदाम, शेंगदाणे काही चालत नाही. तिच्या शाळेत काही मुलांना त्यांची जिवावर बेतणारी ॲलर्जी आहे आणि नियम कडक आहे. तो नियम बरोबरच आहे. शाळेच्या थर्मासमध्ये म्हणून क्रीम आणि हापूस. तिची मैत्रीण झिरो शुगरचं पाणी पिते आणि शेजारी आमची बया क्रीम ओढते. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक काकू मला म्हणाल्या, “एवढं फॅट? मी तर चहातही स्किम घालते.” त्यांना आख्खी गोष्ट सांगेपर्यंत जुई त्यांच्या वाटणीचं बासुंदीचं भांडं रिकामं करून मोकळी.

आता चांगली बातमी. ट्रायकाफ्टा नावाचं औषध कॅनडात सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना २०२२ पासून मिळतं. ते प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही, जनुकातला दोष कुठला यावर ठरतं. आपल्याकडच्या मुलांत वेगळे दोषही बरेच असतात. जुईला लागू पडलं. खोकला कमी आहे, वजन चढतंय. गंमत म्हणजे ते औषधही स्निग्ध खाण्याबरोबरच घ्यायचं. देवानं या पोरीच्या मागं लोणी लावूनच ठेवलंय. कॅप्सूल सुटलेल्या नाहीत, पण आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, वजन असंच वाढत राहिलं तर पुढं क्रीम कमीही करावी लागेल. मानसी ते ऐकून हसली आणि मग बराच वेळ नाक पुसत बसली.

आता विनंत्या. ते अंग धरणारं चूर्ण पुन्हा पाठवू नका. तिच्या औषधाबरोबर साधं ग्रेपफ्रूटसुद्धा चालत नाही, मग डब्यावर नाव नसलेल्या मुळ्या कशा चालतील? फार्मासिस्टनं विचारलं, यात काय आहे. मी म्हणालो, आत्याचा विश्वास आहे. बदाम आणि खसखस मात्र खुशाल पाठवा. डिसेंबरात आम्ही आलो की कट्ट्यावरचं धारोष्ण दूध तिला द्यायचं नाही. तापवून, साय न काढता द्या. कुंडीत थंडाई घोटायचा मान आबांचाच, कॅप्सूल आम्ही देऊ.

आणि तिच्यादेखत ‘वाळली’ म्हणू नका. तिला मराठी चांगलं कळतं. वजन किती हे विचारायचंच असेल तर मला विचारा. तिला विचारायचं ते शाळेचं, चित्रांचं आणि सायकलचं.

शेवटचं आबांसाठी. हे पत्र आई मोठ्यानं वाचून दाखवणार आणि साई-लोण्याच्या मजकुराला तुम्ही मान डोलावणार, हे मला इथून दिसतंय. डॉक्टरांनी तुमचं कोलेस्टेरॉल सांगितलंय ते माझ्याकडे लिहून ठेवलेलं आहे. खुराक नातीला लागू झालाय, आजोबांना नाही. तुम्ही बिनसायीचंच घ्यायचं.

तुमचा,
विजय