जोडणीमीमांसक

अमेरिकेत निवृत्तीनंतर घराला कुलूप लावून चाकांवरच्या घरात देशभर हिंडणाऱ्यांचा जो मोठा वर्ग आहे, त्याच्या पोटात जोडणीमीमांसकांचा एक चिवट उपवर्ग आढळतो. हा गृहस्थ साधारणतः साठी ओलांडलेला, एका पिकअप ट्रकचा जुना मालक आणि एका ‘फिफ्थ-व्हील’ ट्रेलरचा नवा धनी असतो. फिफ्थ-व्हील म्हणजे असा ट्रेलर, की ज्याचे उंच उचललेले पुढचे टोक ट्रकच्या मागे न अडकता थेट हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे, विसावते. त्या टोकाखाली ‘किंगपिन’ नावाची दोन इंच व्यासाची पोलादी खुंटी असते आणि हौद्यात बसवलेल्या जोडणीचा, म्हणजेच हिचचा, जबडा तिला पकडतो. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट परिसरात, जिथे असे ट्रेलर बनवणारे कारखाने एकवटले आहेत, तयार झालेला हा ट्रेलर पत्नीने ओटा आणि खिडक्या पाहून अर्ध्या तासात पसंत केलेला असतो. जोडणीच्या निवडीला मात्र या गृहस्थाचा अख्खा हिवाळा पुरत नाही.

वास्तविक जोडणीचा प्रश्न ट्रकच्या दारातच सुटलेला असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कारखान्याने चिकटवलेल्या पट्टीवर त्या ट्रकने माणसे व सामान मिळून किती भार वाहावा याची मर्यादा छापलेली असते, आणि ‘हाफ-टन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या वर्गातील ट्रकांत ती बहुधा 1,500 ते 2,000 पाउंडांच्या आसपास असते. फिफ्थ-व्हीलच्या एकूण वजनापैकी 15 ते 25 टक्के भार किंगपिनवाटे हौद्यावर येतो, म्हणजे 12,000 पाउंडांचा (सुमारे 5,400 किलोंचा) ट्रेलर 20 टक्क्यांच्या हिशेबाने 2,400 पाउंड हौद्यात टाकतो, आणि इतके गणित झाल्यावर कोणताही व्यवहारी मनुष्य ट्रक तरी बदलेल किंवा ट्रेलर तरी. मीमांसक यांपैकी काहीच करत नाही. तो 25,000 पाउंड पेलणारी जोडणी पसंत करतो, कारण संपूर्ण साखळीत स्वस्तात मोठा आकडा विकत मिळण्याची तेवढी एकच जागा असते. अशी पोलादी जोडणी स्वतःच 70-80 किलोंची किंवा त्याहूनही जड भरते, तिचे वजन त्याच पट्टीवरील मर्यादेतून वजा होते, आणि त्यामुळे सुरक्षिततेसाठी केलेली प्रत्येक वाढ ट्रकला अधिकच वाकवते, ही बाब त्याच्या वहीत कुठेही नोंदलेली नसते. सुमारे 16 किलोंची अ‍ॅल्युमिनिअमची जोडणी बाजारात असते, पण ती एका माणसाला उचलता येते, एवढ्या एका कारणावरून तो तिला बाद ठरवतो. प्रवाशांच्या वजनाच्या रकान्यात पत्नीचे वजन तो अचूक मांडतो (विचारण्याचे धैर्य कोठून येते, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे) आणि स्वतःचे मात्र लग्नाआधीच्या नोंदीवरून घेतो.

दुसरा गहन विषय सरकत्या जोडणीचा. ट्रेलरची रुंदी साडेआठ फुटांपर्यंत असते, आणि काटकोनात वळताना त्याचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर आदळू नये, यासाठी किंगपिन आणि केबिन यांच्यात त्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक अंतर लागते. आठ फुटी हौद्यात ते सहसा मिळते, साडेपाच ते साडेसहा फुटी आखूड हौद्यात ते कमी पडते. म्हणून वळणाच्या वेळी मागे सरकणारी जोडणी निघाली. हाताने सरकवायच्या प्रकारात खाली उतरून दांडा ओढावा लागतो आणि आपोआप सरकणाऱ्या प्रकारात केवळ पैसे मोजावे लागतात. अलीकडच्या अनेक ट्रेलरांचे पुढचे कोपरे याच कारणासाठी छाटलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या वळणांवर सरकत्या जोडणीची गरज क्वचितच भासते. मीमांसकाच्या ट्रेलरचेही कोपरे छाटलेलेच असतात, आणि तरीही तो आपोआप सरकणारी जोडणीच घेतो.

अ‍ॅरिझोनातील क्वार्ट्झसाइट येथे, जिथे दर हिवाळ्यात अशी फिरती घरे वाळवंटात हजारोंच्या संख्येने जमतात, या उपवर्गाचे निरीक्षण सर्वांत सोयीचे ठरते. जबडा एकेरी की दुहेरी, पाट्याला ग्रीस लावावे की प्लॅस्टिकची चकती घालावी, यांवर तेथे दोन मीमांसक एकमेकांचे नावही न विचारता दुपार काढतात. एका बाबतीत मात्र त्यांचा आदरच केला पाहिजे. किंगपिन जबड्यात न शिरता त्याच्या वरच टेकली, तर जोडणी झाल्यासारखी दिसते आणि ट्रक निघताच सगळा ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो. म्हणून ट्रेलरचे पाय जमिनीवर ठेवूनच त्याचे ब्रेक लावायचे आणि ट्रक हलकेच पुढे ओढून पाहायचा, हा नेम मीमांसक घाई असली तरी मोडत नाही, आणि इतरांचे फाळके चेपलेले दिसतात तेव्हा त्याचा शाबूत असतो.

अखेरीस कोणीतरी त्याला भुईकाट्यावर नेते, मागच्या आसावरचा आकडा छापून हातात पडतो, आणि मीमांसक जोडणीला साजेसा ट्रक घेतो: वन-टन वर्गातला, मागे चार चाकांचा, आठ फुटी हौद्याचा. या हौद्यात जोडणीसाठीची छिद्रे कारखान्यातच पाडलेली असतात, त्यामुळे जुनी जोडणी ज्यांवर बसवलेली होती ते रूळ बसत नाहीत आणि सरकण्याची तर गरजच उरत नाही. मग जुनी जोडणी विकायला निघते, आणि जाहिरातीतील ‘फारशी सरकवलेली नाही’ हे त्याचे आजवरचे एकमेव विधान असते की जे त्याने कोणतेही गणित न मांडता केलेले असूनही बिनचूक असते.