कंसाचं घराणं

माझी आणि लिस्प भाषेची ओळख उधारीवर झाली. १९९०च्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होतो. ड्रॉइंग बोर्ड नुकतेच भिंतीला पाठ टेकून निवृत्त झाले होते आणि टेबलावर ऑटोकॅड आलं होतं. एका इमारतीचे साठेक कॉलम, प्रत्येकाला हाताने नंबर द्यायचा. आर्किटेक्टने मध्येच एखादा कॉलम घुसवला की पुढचे सगळे नंबर खोडा आणि पुन्हा घाला. कुणीतरी म्हणालं, ऑटोकॅडच्या पोटात ऑटोलिस्प नावाची भाषा आहे, तिला सांगितलं तर ती हे काम करते. झेरॉक्सची झेरॉक्स असलेल्या एका कागदावरून मी चार ओळी टाइप केल्या आणि एंटर मारलं. खाली एवढंच उमटलं:

२>

पुन्हा एंटर. पुन्हा २>. मशिन बिघडवल्याचा घाम मला फुटला. आमचे हेड ड्राफ्ट्समन, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. पडद्याकडे बघून म्हणाले, "दोन कंस देणं लागतोस. चुकते कर."

मी दोन कंस बंद केले. कॉलम भराभर क्रमाला लागले. किराणा दुकानदाराच्या वहीइतका चोख हिशेब ठेवणारी ही भाषा मला तेव्हाच आवडली. भीतीही वाटली, ती अजून गेलेली नाही.

कंस म्हटलं की मराठी माणसाला आधी मथुरा आठवते आणि मग गणिताचा पेपर. लिस्पमध्ये दोन्ही आहेत. सगळं कंसात लिहायचं. आपण 'दोन अधिक तीन' म्हणतो, लिस्प म्हणते (+ २ ३). मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, तोवर श्रोत्याला धीर धरावा लागतो. इथे क्रियापद आधी, मग ज्यांच्यावर क्रिया करायची ती मंडळी. त्या मंडळींतही एखादं अख्खं वाक्य कंस घालून बसू शकतं: (+ २ (* ३ ४)). त्याच्या आत आणखी एक, त्याच्या आत आणखी. शेवटी ओळीच्या टोकाला बंद कंसांचा एवढा घोळका जमतो की, पावसात बसस्टॉपच्या छपराखाली माणसं दाटून उभी आहेत असं वाटावं.

गंमत म्हणजे हे कंस राहायला आलेच नव्हते. ते पाहुणे होते.

१९५८ साली जॉन मॅकार्थी नावाचे एकतिशीचे गणिती अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ही भाषा घडवायला बसले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हा शब्दप्रयोग रूढ केला तो त्यांनीच, १९५५ मध्ये लिहिलेल्या एका परिषदेच्या प्रस्तावात. आज तो शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोडीचं यंत्र. फोर्ट्रान ही भाषा जेमतेम वर्षाची होती आणि तीही आकड्यांसाठीच. मॅकार्थींना आकड्यांऐवजी चिन्हांचा, विधानांचा, याद्यांचा हिशेब करायचा होता. यादी म्हणजे इंग्रजीत लिस्ट. लिस्ट प्रोसेसर, म्हणून लिस्प.

त्यांनी दोन लिप्या योजल्या होत्या. माणसांनी लिहायची एक, नेहमीच्या गणितासारखी नीटनेटकी; आणि यंत्राच्या पोटात राहायची दुसरी, नुसती कंसांची. माणसांची लिपी सावकाश पक्की करू, तोवर यंत्राच्याच लिपीत भागवू, असं ठरलं. 'तोवर' हा शब्द किती धोक्याचा, हे आपल्यापैकी ज्याने कुणी भाड्याच्या घरात 'तोवर' म्हणून खिळा ठोकलाय त्याला सांगायला नको. लोकांना कंसांची सवय झाली. नुसती सवय नव्हे, त्यांना त्यातला फायदा दिसला: प्रोग्रॅम हीच एक यादी असेल, तर एक प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमला यादीसारखा उचलू शकतो, उलगडू शकतो, नवा रचू शकतो. मग नीटनेटकी लिपी हवी कुणाला? मथुरेच्या कंसाला निदान आठव्याचं भय तरी होतं. या कंसाचा आठवा जन्मलाच नाही.

ही भाषा प्रत्यक्ष चालू झाली तीही अशीच, आडवाटेने. मॅकार्थींनी कागदावर 'इव्हॅल' नावाचं एक फंक्शन लिहिलं. लिस्पमधलं कुठलंही वाक्य घ्यायचं आणि त्याची किंमत सांगायची, असं हे फंक्शन. तेही लिस्पमध्येच लिहिलेलं. हेतू निव्वळ तात्त्विक, वाचून मान डोलवायची एवढाच. स्टीव्ह रसेल नावाचा त्यांचा तरुण सहकारी ते वाचून म्हणाला, हे मी मशिनवर चढवतो. मॅकार्थींनी त्याला हसून सांगितलं, बाबा रे, हे वाचायला आहे, चालवायला नाही. रसेलने ऐकलं नाही. त्याने ते हाताने यंत्रभाषेत उतरवलं आणि लिस्प बोलू लागली. स्वयंपाकाच्या पुस्तकातलं चित्र एखाद्याने खाऊन दाखवावं, तसा हा प्रकार. (हाच रसेल पुढे 'स्पेसवॉर' हा सुरुवातीच्या काळातला गाजलेला व्हिडिओ गेम लिहिणाऱ्यांत होता. वडीलधाऱ्यांचं न ऐकण्याचे फायदे मी घरी मुलांसमोर बोलत नाही.)

मॅकार्थींचा तो निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात 'भाग पहिला' असं लिहिलेलं आहे. भाग दुसरा कधी आलाच नाही. त्यात नाव नसलेल्या फंक्शनसाठी 'लॅम्डा' हे ग्रीक अक्षर वापरलं आहे. ते अलोन्झो चर्च या तर्कशास्त्रज्ञाच्या पुस्तकातून घेतलेलं. ते पुस्तक बाकी आपल्याला कळलं नव्हतं, असं मॅकार्थींनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. केवढा दिलासा! मीही झेरॉक्सच्या त्या कागदावरून चार ओळी घेतल्या होत्या आणि बाकीचा कागद मला आजतागायत कळलेला नाही.

हे लॅम्डा प्रकरण मला नीट समजलं ते एका लग्नाच्या पंगतीत. लिस्पमध्ये फंक्शन ही वस्तू आहे. दुसऱ्या फंक्शनच्या हातात ती देता येते. 'मॅपकार' म्हणून एक फंक्शन आहे. त्याला द्यायची एक यादी आणि यादीतल्या प्रत्येकाला काय करायचं ते सांगणारं दुसरं फंक्शन. म्हणजे ओळीने मांडलेली ताटं आणि जिलबीचं ताट घेतलेला वाढपी. त्याचं नाव काय, हे कुणी विचारत नाही. ओळीच्या शेवटापर्यंत वाढून तो दिसेनासा होतो. तोच लॅम्डा.

पंगत मोजायची असेल तर लिस्प बोटांवर मोजत बसत नाही. ती म्हणते, पहिला माणूस एक, आणि उरलेली पंगत मोजा. उरलेल्या पंगतीतही तेच: पहिला एक, उरलेली मोजा. मोजायला कुणी उरलं नाही की शून्य, आणि मग सगळे एक मागे येत येत मिळतात. या 'पहिला' आणि 'उरलेले' यांची लिस्पमधली नावं मात्र ऐकण्यासारखी आहेत: 'कार' आणि 'कुडर'. इंग्रजी स्पेलिंग सी-ए-आर आणि सी-डी-आर. मॅकार्थींचा कॉम्प्युटर होता आयबीएम ७०४. त्याचा एक शब्द ३६ बिटांचा, आणि त्यात १५-१५ बिटांचे दोन कप्पे: एक 'अ‍ॅड्रेस', दुसरा 'डिक्रिमेंट'. यादीतली वस्तू कुठे आहे ते एका कप्प्यात, उरलेली यादी कुठे आहे ते दुसऱ्यात. 'अ‍ॅड्रेस कप्प्यातला ऐवज' याची इंग्रजी आद्याक्षरं जोडून कार, 'डिक्रिमेंट कप्प्यातला ऐवज' याची जोडून कुडर. पुढच्या मशिनी आल्या तेव्हा ही नावं बदलता आली असती. कुणी बदलली नाहीत. वाडा पाडून बिल्डिंग झाली तरी रिक्षावाल्याला आपण वाड्याचंच नाव सांगतो.

आणि ती नावं माझ्या टेबलापर्यंत आली! ऑटोलिस्पमध्ये ड्रॉइंगवरचा बिंदू म्हणजे तीन आकड्यांची यादी. एक्स हवा असेल तर 'कार'. वाय हवा असेल तर 'कॅडर', म्हणजे उरलेल्या पंगतीतला पहिला. अण्णा तो शब्द राजकीय पक्षाच्या 'केडर'सारखा उच्चारत. "आधी केडर काढ, मग लाइन मार." कोथरूडमधल्या सोसायटीच्या कॉलमचा वाय काढताना आपण ७०४ नावाच्या, केव्हाच भंगारात गेलेल्या यंत्राच्या कप्प्यात हात घालतोय, याची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

पंगत म्हटली की उष्टी पानंही आली. प्रोग्रॅम चालताना याद्या तयार होतात, वापरून टाकल्या जातात आणि मेमरी भरते. कुणाला आता काय लागत नाही, हे भाषेनेच शोधून जागा झाडून घ्यायची ही कल्पना लिस्पसाठीच निघाली. तिला म्हणतात गार्बेज कलेक्शन. आज जावापासून पायथनपर्यंत सगळीकडे ही घंटागाडी फिरते. तिचं जाहीर पदार्पण मात्र साजरं झालं. उद्योगजगतातल्या पाहुण्यांपुढे लिस्पचं प्रात्यक्षिक होतं. पाहुणे चौथ्या मजल्यावर टीव्हीपुढे; मॅकार्थी खाली कॉम्प्युटरपाशी, हातात माइक. सेकंदाला दहा अक्षरं छापणाऱ्या टाइपरायटरवर गणित उमटत होतं. सगळं संथ पण सुरळीत चाललं असताना मेमरी संपली आणि टाइपरायटरने आपणहून जाहीर केलं की, कचरा गोळा करणाऱ्यास बोलावण्यात आलं असून त्यासंबंधीची रंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे आहे. मग ती आकडेवारी. पानभर. एकेक अक्षर, टकटक. कचऱ्याविषयी पाहुण्यांना कुणी चकार शब्द सांगितलेला नव्हता. मुलगी बघायला मंडळी आलेली, पोह्यांच्या बशा हातात, आणि दारात घंटागाडी येऊन लाउडस्पीकर लावते, तसं झालं. उरलेला वेळ त्या छपाईतच जाणार हे उघड होतं, आणि वर पाहुणे, खाली वक्ते, सगळेच हसून बेजार. कुणीतरी यांची चेष्टा केली आहे, अशी काही पाहुण्यांची समजूत झाली असावी, असं मॅकार्थींना वाटलं.

पुढे घराणं वाढलं आणि घराण्यात जे होतं ते झालं. पूर्वेला एमआयटीत मॅकलिस्प, पश्चिमेला कॅलिफोर्नियात इंटरलिस्प. कंस तेच, पण यांची बंदिश त्यांना गाता येईना. इंटरलिस्पमध्ये तर चुकीचं टाइप केलं तरी 'तुम्हाला असं म्हणायचं असेल' म्हणून परस्पर दुरुस्ती करणारी सोय होती. अशा सुना घरोघरी असतात. अखेर भावकी एकत्र बसली आणि १९८४ साली कॉमन लिस्पचा ग्रंथ आला. कुणाचाही आग्रह मोडायचा नाही असं ठरलं की याद्या लांबतात. १९९४ मधलं तिचं अधिकृत प्रमाणपुस्तक हजारावर पानांचं झालं.

एक पाती मात्र १९७५ मध्येच एक पिशवी घेऊन बाहेर पडली होती. जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील या दोघांनी एमआयटीतच लिस्पचं छोटं, सोवळ्यातलं रूप केलं. नाव ठेवलं 'स्कीमर'. त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइलचं नाव सहा अक्षरांपेक्षा लांब चालत नव्हतं, म्हणून शेवटचं अक्षर गळलं आणि उरलं 'स्कीम'. आमच्या ऑफिसात स्कीम म्हणजे बिल्डरची: पन्नास फ्लॅट, खाली पार्किंग. ही स्कीम पन्नास फ्लॅटची नसली तरी तिचं प्रमाणपुस्तक बराच काळ पन्नास पानांचं होतं. १९९५ साली नेटस्केप कंपनीने ब्रेंडन आइक यांना ब्राउझरमध्ये स्कीम घालू म्हणून बोलावलं आणि मग वरचे कपडे जावासारखे असोत असं ठरवलं. त्यातून जावास्क्रिप्ट झाली. बँकेच्या वेबसाइटवर ओटीपीची वाट बघता तेव्हा घराण्यातली एक दूरची मुलगी, माहेरचे कंस बरेचसे विसरून, तिथे राबत असते.

कायमचं म्हणून जे बांधलं गेलं, त्याचं काय झालं? लिस्पसाठीच घडवलेले खास कॉम्प्युटर १९८०च्या दशकात विकायला आले. ते बनवणाऱ्या सिम्बॉलिक्स कंपनीने १५ मार्च १९८५ रोजी जगातलं पहिलं डॉट-कॉम नाव नोंदवलं. दशक सरेपर्यंत बाजार बसला, कंपनी रोडावली, यंत्रं संग्रहालयात गेली. आणि १९८६ मध्ये ऑटोकॅडच्या पोटात भाडेकरू म्हणून शिरलेली साधीसुधी ऑटोलिस्प अजून तिथेच आहे, भाडेकरू हटत नसतात तशी.

कॉलमला नंबर देणारी माझी फाइलही आहे. घाईत तिला नाव दिलं होतं 'टेम्प-एक'. टेम्प-दोन करायची राहिली. परवा ऑफिसातल्या नव्या मुलीने ती उघडली. इंजिनिअर आहे, माझ्या फाइलपेक्षा वयाने लहान.

"काका, हे कॅडर काय आहे?"

मी खुर्ची सरसावली. म्हटलं, "आयबीएम ७०४ नावाचा एक कॉम्प्युटर होता. त्याच्या एका शब्दात दोन कप्पे..."

"म्हणजे वाय ना?"

"वायच."

"मग ठीक." तिने त्यातला तुकडा उचलून कमांड लाइनवर चिकटवला. शेवटच्या बंद कंसांची गर्दी तिला जास्त वाटली असावी; आठ होते, तिने सात घेतले. एंटर मारलं. हल्लीचं ऑटोकॅड उधारीचा आकडा सांगत नाही, राहिलेला कंसच मांडून दाखवतं:

(_>

तिने पुन्हा एंटर मारलं. मग एकदा जोरात. मग माझ्याकडे बघितलं. मी चहाचा कप उचलला आणि तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.