नाव सांगा आणि कुठून बोलताय?

प्रस्तुत लेखकाचा आवाज रेडिओसाठीच घडलेला आहे. हे मत प्रस्तुत लेखकाचंच असलं तरी न्हाणीघरात ते वारंवार तपासलं गेलं आहे. शिवाय जुन्या हिंदी गाण्याचा संगीतकार तो सुरुवातीच्या चार सुरांत ओळखतो. गायक कोण ते घरच्यांना कधीच कळत नाही, कारण तोवर लेखकच गायला लागलेला असतो. अशा माणसाने एफएमवरच्या स्पर्धेला फोन लावला, यात नवल काही नाही.

नवल प्रश्नांचं आहे. लेखक सलील चौधरी, अनिल विश्वास जिभेवर घेऊन बसलेला आणि आरजे विचारते, ‘शोले’तल्या वीरूच्या मित्राचं नाव काय? पर्याय पहिला, जय. दुसरा, पराजय. अपमान एवढा जिव्हारी लागतो की बोट आपोआप रीडायलवर जातं.

प्रश्न मुद्दामच सोपा ठेवतात. अवघड विचारला तर पलीकडे शांतता पसरते, आणि रेडिओला शांतता परवडत नाही. स्टेशनला हवा असतो आनंदाचा चीत्कार. म्हणून आधी फोन घेणारा नाव-गाव विचारतो, घरातला रेडिओ बंद करायला सांगतो (नाहीतर तोच आवाज फोनमधून परत शिरतो आणि शिट्टी वाजते) आणि माणूस पुरेसा खूश होणारा आहे ना, ते चाचपतो. पुष्कळदा हे संभाषण गाणं चालू असतानाच रेकॉर्ड होतं, त्यातलं अडखळणं कापलं जातं आणि गाणं संपताच ते ताजं म्हणून वाजतं. लेखकाने आपल्या कमावलेल्या खर्जात ‘नमस्कार’ म्हटलं, तेव्हा पलीकडून ‘सर, बँकेतून बोलताय का?’ अशी विचारणा झाली.

खरी स्पर्धा लाइन लागण्याची, हे लॉस एंजेलिसच्या केव्हिन पोल्सनने फार आधी ओळखलं. जून 1990 मध्ये तिथल्या केआयआयएस-एफएमने 102 व्या फोनला पोर्शे गाडी जाहीर केली, तेव्हा या हॅकरने स्टेशनच्या फोनलाइनीच ताब्यात घेतल्या आणि 102 वा फोन आपलाच लागेल अशी व्यवस्था केली. पुढे तो तुरुंगात गेला आणि नंतर पत्रकार झाला. आपला प्रवास उलट क्रमाने व्हायला नको, म्हणून लेखक रीडायलवरच भागवतो. तशीही आपल्याकडे 10,000 रुपयांवरच्या बक्षिसाला 30 टक्के कर लागतो आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर आधी, वस्तू नंतर. म्हणजे फुकटची गाडी घरी आणायलाही कर्ज काढणं आलं.

आता एक किस्सा, जो लेखक कुणी विचारला नाही तरी सांगतो. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या शास्त्रीय संगीताच्या आग्रहापायी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. देशाने सुसंस्कृत होण्याऐवजी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. तिथे त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, वय विशीच्या आत, मानधन आठवड्याला 25 रुपये. सुरुवातीला गीतमाला ही स्पर्धाच होती. सात गाणी वाजायची, ती श्रोत्यांनी कालक्रमाने लावायची, बक्षीस 100 रुपये. याला म्हणतात प्रश्न! इथे लेखक नक्की जिंकला असता, फक्त त्याचा जन्म व्हायचा राहिला होता. पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रं आली, पुढे आकडा आठवड्याला 65,000 वर गेला. एवढी उत्तरं तपासणार कोण? स्पर्धा गुंडाळून गाण्यांची लोकप्रियतेची क्रमवारी सुरू केली. बक्षीस गेलं, तरी पत्रं येतच राहिली. अभ्रकाच्या खाणींचं झुमरी तलैया तर निव्वळ फर्माइशींच्या जोरावर देशाला ठाऊक झालं. तिथल्या पोस्टकार्डांना पैसे नको होते. तिकडे दूर कुणीतरी आपलं नाव, आपलं गाव उच्चारावं, एवढंच हवं होतं.

म्हणूनच लेखकाला हल्ली वेगळाच राग येतो. सिनेमाची दोन तिकिटं जिंकलेली डोंबिवलीची बाई सिनेमा कुठला तेही विचारत नाही. ‘माझ्या मुलीचं नाव घ्या ना, दहावीला आहे, आणि सासूबाई, आणि आमच्या शेजारच्या...’ एवढ्यात जिंगल आदळते. तिकिटं पुरस्कर्त्याची होती, तिची खरी कमाई ही यादी होती, आणि कात्री नेमकी तिच्यावरच चालली. जाहिरातीचं एकही अक्षर कधी कापलं गेल्याचं लेखकाने ऐकलेलं नाही.

लेखकाने आता संगीतकारांची उजळणी थांबवून नावांचा सराव घेतला आहे. उत्तर देण्याआधीच, एका दमात, जिंगल पडायच्या आत. तूर्त सासूबाईंचं नाव जिंगलखाली जातं, आणि क्रमवारीवरून घरात दोन तट पडले आहेत.